राहून गेलं

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बडोद्याहून भाऊजींचा फोन आला. ते फारसे बोलणारे नाहीत. "निनाद खोलीतून बाहेर येत नाही," एवढंच म्हणाले. मग थोडं थांबून, "तू ये. तुझ्याशी बोलेल."

मी बंगळुरूला राहते. कन्नडमधून आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. तौलनिक साहित्यात एम. ए. केलं तेव्हापासून घरात असा एक समज आहे, की दोन भाषांच्या मध्ये उभी राहणारी बाई दोन माणसांच्या मध्येही उभी राहू शकेल. प्रत्यक्षात भाषांतरकार हा बहुतेक वेळ एकटा, कोणाशी न बोलता बसलेला असतो. पण हे भाऊजींना सांगण्यात अर्थ नव्हता. शिवाय मला जायचं होतंच. ताई गेल्यापासून मी त्या घरी दोनदाच गेले होते, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत निघाले होते.

पोचले तेव्हा धनत्रयोदशी होती. दांडिया बाजारातल्या त्या जुन्या घरात भाऊजींनी आकाशकंदील लावला होता. हॉलमध्ये ताईचा फोटो, त्याला चंदनाचा हार. निनादच्या खोलीचं दार लोटलेलं. मी टकटक केलं, तर आतून आवाज आला, "उघडंच आहे."

सतरा वर्षांचा मुलगा, बारावीचं वर्ष, पलंगावर लॅपटॉप, दुपारी तीन वाजता अंगावर चादर. काय बोलायचं ते मी गाडीत ठरवून आले होते. त्यातलं एकही वाक्य न बोलता मी विचारलं, "काय खेळतोयस?"

"ओमोरी."

"मला येईल?"

त्यानं पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. "तुला वाचता येतं ना, मावशी? मग येईल. यात वाचायलाच फार लागतं."

माझा व्हिडिओ गेमशी शेवटचा संबंध शाळेत असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आला होता. मिशीवाला प्लंबर, उड्या, नाणी. माझी पाळी येण्याआधीच त्यांची आई टीव्ही बंद करायची. आता पंचेचाळिसाव्या वर्षी मी भाच्याच्या पलंगावर मांडी घालून बसले आणि त्यानं माझी बोटं कीबोर्डवर कुठे ठेवायची ते दाखवलं. पुढच्या आठ रात्री आम्ही तो गेम खेळलो. त्या आठ रात्रींबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांना तो स्वतः खेळायचा असेल त्यांनी इथे थांबावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

'ओमोरी' हा अमेरिकेतला एक छोटा, स्वतंत्र गेम. ओमोकॅट या नावानं काम करणाऱ्या एका चित्रकर्तीनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो केला. २०१४ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवले आणि गेम बाहेर आला तो २५ डिसेंबर २०२० रोजी. हौशी माणसालाही गेम रचता यावा म्हणून मिळणाऱ्या आरपीजी मेकर नावाच्या तयार साधनावर तो बांधलेला आहे. वरवर पाहिलं तर लहान मुलांच्या चित्रवहीसारखा दिसतो. पेन्सिलीच्या थरथरत्या रेषा, जांभळं आकाश, बोलणारे प्राणी. पण सुरू होण्याआधीच पडद्यावर इशारा येतो, की यात नैराश्य, भीती आणि आत्महत्या यांचे उल्लेख आहेत. निनादनं तो मला मुद्दाम वाचू दिला. "मग बोलू नकोस, सांगितलं नाही म्हणून," तो म्हणाला.

सुरुवात एका पांढऱ्या जागेत होते. भिंती नाहीत, छत नाही, तरी वरून एक काळा दिवा लोंबतो. एक लॅपटॉप, एक चित्रांची वही, एक मांजर आणि एक दार. तिथे ओमोरी नावाचा कृष्णधवल मुलगा राहतो. दारापलीकडे रंगीत जग आहे आणि त्यात त्याचे मित्र त्याची वाट पाहत असतात. ऑब्री, केल, हिरो आणि डोक्यावर फुलांचा मुकुट घातलेला बेझिल. आणि मारी. मारी म्हणजे ओमोरीची मोठी बहीण. ती कुठेही लढायला येत नाही. जंगल असो, वाळवंट असो, ती एक चादर पसरून, खाण्याची टोपली घेऊन बसलेली असते. तिच्याजवळ गेलं की जखमा भरतात, आणि तोवरचा सगळा प्रवास जतन होतो.

पहिल्या रात्री मी दर दहा मिनिटांनी मारीला शोधत होते. निनाद हसला. "सगळे तेच करतात."

जपानीत मासेमारीच्या दोरीला बांधतात त्या वजनाला 'ओमोरी' म्हणतात. मूल सांभाळण्यालाही उच्चारानं तोच शब्द आहे. आणि ऐकणाऱ्याच्या कानाला त्यात 'हिकिकोमोरी'चाही नाद लागतो. स्वतःला महिनोन् महिने, वर्षानुवर्षं घरात कोंडून घेणाऱ्या माणसांसाठी हा शब्द वापरतात, आणि तामाकी साइतो या मनोविकारतज्ज्ञाच्या १९९८ सालच्या पुस्तकानंतर तो जपानभर पसरला. हे सगळं मी उत्साहानं निनादला सांगितलं. तो म्हणाला, "हो, वाचलंय मी." मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. सहा महिन्यांपासून बंद खोलीत असलेल्या मुलाला मी त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगत बसले होते.

लढाई पाळीपाळीनं होते. या जातीचे गेम १९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून जपानात घराघरात खेळले जातात. तुम्ही एक चाल निवडायची, शत्रू एक चाल करणार, मग पुन्हा तुम्ही. बोटांचा वेग लागत नाही, विचार लागतो. मला हे लगेच आवडलं, कारण माझं कामही असंच चालतं. मूळ वाक्य एक चाल करतं, मग मी बसते. कितीही वेळ बसले तरी ते वाक्य माझ्यासाठी थांबून असतं.

पण इथल्या चाली वेगळ्याच आहेत. ओमोरीजवळ एक सुरी आहे, ऑब्रीजवळ कापडी खेळणं, केलकडे चेंडू, हिरोकडे उलथनं. कोणी हरला तर तो मरत नाही, त्याचा टोस्ट होतो. आणि सगळी लढाई तीन भावनांवर फिरते. आनंद, दुःख आणि राग. आनंदी माणूस चपळ होतो, दैव त्याच्या बाजूनं असतं, पण त्याचे वार चुकतात. रागावलेला जोरात मारतो, पण त्याचा बचाव पडतो. दुःखी माणूस हळू होतो, पण त्याला लागत कमी. आणि आघात झालाच, तर त्यातला काही भाग जीवावर न जाता त्याच्या ताकदीवर जातो, जिला इथे 'ज्यूस' म्हणतात.

मी हे वाचलं आणि कीबोर्डवरून हात काढला. दुःख बचाव करतं, वेग कमी करतं, आणि जीव वाचवण्यासाठी अंगातला रस शोषून घेतं. मी शोकावर बरंच वाचलं आहे, बरंच भाषांतरितही केलं आहे. इतकं नेमकं कोणी सांगितलेलं मला आठवेना. भरतानं नाट्यशास्त्रात आठ स्थायिभाव सांगितले, त्यातले हास, शोक आणि क्रोध हे तीन इथे आकड्यांसकट मांडून ठेवलेले. त्यांचं एकमेकांशी वैरही ठरलेलं आहे. आनंद रागावर मात करतो, राग दुःखावर, आणि दुःख आनंदावर.

ओमोरीची एक चाल आहे, 'सॅड पोएम'. एक उदास कविता वाचायची, की समोरचा दुःखी होतो. मित्रावर वापरा, शत्रूवर वापरा. "म्हणजे बघ," निनादनं मला डावपेच शिकवला, "शत्रूला कविता वाचून दाखवायची. मग केलनं आपल्याच माणसाला चिडवायचं. राग दुःखाला मारतो. दोन चालीत खलास." माझ्या आयुष्याची पंचवीस वर्षं कवितेच्या आसपास गेली. तिचा इतका उघड उपयोग मला कोणी शिकवला नव्हता.

दुःखाच्या तीन पायऱ्या आहेत. सॅड, डिप्रेस्ड, मिझरेबल. तिसऱ्या पायरीपर्यंत चार मित्रांपैकी फक्त ओमोरीच पोचू शकतो. "मराठीत काय म्हणशील?" निनादनं विचारलं. मी म्हटलं, दुःखी, खिन्न आणि... तिथे अडले. 'विदीर्ण' फार संस्कृत. 'केविलवाणा'मध्ये बघणाऱ्याची कीव येते, आतून भोगणाऱ्याचं त्यात काही नाही. निनादनं गुजरातीतून काही शब्द पुढे केले, मी कन्नडमधून. शेवटी तो म्हणाला, "आजी म्हणायची ना, 'जीव नकोसा झाला'. तेच ते." मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता. मी विचारलं, "तुला होतं का तसं?" तो म्हणाला, "मधे व्हायचं. आता इतकं नाही. बाबांना सांगितलंय मी, डॉक्टरकडे जातो आम्ही महिन्यातून दोनदा. तू खेळ."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विचारायला मी दोनदाच तर गेले होते.

तिसऱ्या रात्री पहिल्यांदा ते रंगीत जग मागे पडलं. कळतं ते असं, की हे सगळं स्वप्न आहे. खरा मुलगा सनी, वय सोळा, एका गावातल्या घरात एकटाच आहे. मोठी बहीण मारी चार वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही. मित्र पांगले आहेत. आणि तीन दिवसांनी हे घर सोडून त्याला दुसरीकडे जायचं आहे. म्हणजे जिच्याजवळ जाऊन मी सारखा प्रवास जतन करत होते, ती मेलेली आहे. स्वप्नात ती सगळीकडे आहे, कारण जागेपणी ती कुठेच नाही.

सकाळी दारावर थाप पडते. जुना मित्र केल बाहेर उभा आहे. पडद्यावर प्रश्न येतो, दार उघडायचं का?

"मी पहिल्या वेळी उघडलं नव्हतं," निनाद म्हणाला.

"मग काय झालं?"

"काही नाही. गेम चालू राहतो. तो आतच राहतो, स्वप्नात हिंडतो. खूप तास जातात. पण मित्रांना खरं कधी कळत नाही." तो थोडा थांबला. "दुसऱ्या वेळी उघडलं."

मी दार उघडलं. बाहेर साधं गाव आहे. दुकानं, चर्च, मैदान. तिथे स्वप्नातल्या जादूच्या चाली चालत नाहीत. स्वप्नात जी सुरी खेळण्यासारखी वाटत होती, ती गावात खरी निघते. भांडणात सनी ती बाहेर काढतो आणि ऑब्रीला लागतं. टोस्ट होत नाही. रक्त येतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हॉलमध्ये ताईच्या फोटोसमोर गादी घातली होती. आता इथे ते सांगायला हवं.

एप्रिल २०२१. ताईला ताप आला, मग सगळ्यांना माहीत आहे तसं. ती आतल्या खोलीत वेगळी, भाऊजी आणि तेरा वर्षांचा निनाद बाहेर. मी बंगळुरूत अडकलेली, हातात फक्त फोन. त्या दिवशी सकाळपासून मी बडोद्यात बेड शोधत होते. याद्या येत होत्या, त्यातले निम्मे नंबर लागत नव्हते, लागले तर कोणी उचलत नव्हतं. रात्री नऊला एका ठिकाणी होकार मिळाला. सकाळी सहाला घेऊन या. मी भाऊजींना कळवलं. ताईचा ऑक्सिजन तेव्हा नव्वदच्या आसपास होता. मग मी जेवले, फोनचा आवाज बंद केला आणि टेबलावर ठेवला.

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी तिचा फोन आला. मी जागी होते. पडद्यावर 'ताई' असं नाव उजळलं आणि फोन टेबलावर हलत राहिला. मी त्याच्याकडे बघत बसले. दिवसभरात मी इतक्या लोकांशी बोलले होते, की आणखी एक वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही असं वाटलं. तिला धीर द्यावा लागेल, आणि माझ्याजवळ तो नव्हता. सकाळी बोलू, असं मी ठरवलं. फोन हलायचा थांबला.

सकाळी तिला नेलं. दुपारी नळी घातली. त्यानंतर ती कोणाशीच बोलली नाही. नवव्या दिवशी गेली.

काही दिवसांनी भाऊजी म्हणाले, "त्या रात्री ती तुला फोन लावत होती. तिच्या फोनमध्ये दिसतं." मी म्हटलं, "माझा फोन बंद पडला होता. चार्जिंग संपलं होतं." ते "हं" म्हणाले. खोटं बोलायला एक सेकंदही लागला नाही. माझी सगळी भाषांतरं अडखळत, खाडाखोड करत होतात. हे एकदम सफाईदार झालं.

पुढे ते मी आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. मराठी या बाबतीत फार सोयीची भाषा आहे. 'मी फोन उचलला नाही' असं म्हणायची गरजच पडत नाही. 'फोन उचलला गेला नाही.' 'उचलता आला नाही.' 'बोलायचं राहिलं.' आणि सगळ्यांत मऊ म्हणजे, 'राहून गेलं.' यात करणारा कोणी नाही. जणू गोष्ट स्वतःच उठली, जरा रेंगाळली आणि निघून गेली. इंग्रजीत आणताना या 'राहून गेलं'शी मी अनेकदा झगडले आहे, कारण तिथे कोणीतरी कर्ता मागतं. मला तेव्हा वाटायचं, ही आपल्या भाषेची नजाकत आहे. नजाकत आहेच. पण तिच्या आड मी साडेचार वर्षं राहिले.

खेळाच्या मधल्या रात्री खरं सांगायचं तर लांबल्या. स्वप्नातल्या जगात एक आत्ममग्न राजकन्या आहे, तिचा किल्ला आहे, समुद्राखाली कॅसिनो आहे, एक प्रचंड देवमासा आहे. पुष्कळ विनोद, पुष्कळ लढाया. मी कंटाळले. निनाद म्हणाला, कंटाळा यायलाच हवा. सनी मुद्दामच लांबवतो आहे. जितका वेळ इथे जाईल, तितकं ते दुसरं दूर राहील. मला ते पूर्ण पटलं नाही. लेखकानं शंभर पानं कमी करायला हवी होती असं मी जिच्याबद्दल म्हणाले असते, अशीच ती जागा आहे. पण मी या घरी यायचं कशी लांबवत होते ते मला माहीत होतं. पुस्तकमेळा, मुदत, तिकीट मिळत नाही.

सातव्या रात्री फोटो आले. बेझिलच्या अल्बममधून हरवलेले फोटो एका काळ्या जागेत एकेक करून सापडतात आणि क्रमानं लावावे लागतात. त्यातून कळतं ते असं. मारी पियानो वाजवायची, सनी व्हायोलिन. दोघांचा एकत्र कार्यक्रम ठरला होता. मारीला सगळं बिनचूक हवं असायचं. सराव, पुन्हा सराव. कार्यक्रमाच्या दिवशी सनीनं व्हायोलिन फोडलं. जिन्याच्या वर भांडण झालं, त्यानं तिला ढकललं आणि ती पडली. बेझिलनं ते पाहिलं. घाबरलेल्या दोन मुलांनी मिळून असं भासवलं, की तिनं स्वतःच जीव दिला. चार वर्षं सगळ्या मित्रांनी तेच खरं धरलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला कळलं कसं नाही, म्हणून प्रत्येकानं स्वतःला दोष दिला.

मी उठून गच्चीत गेले. अजून कुठे कुठे फटाके वाजत होते.

या कलाटणीबद्दल माझ्या मनात शंका आहेत, आणि त्या अजून गेलेल्या नाहीत. आत्महत्येचा असा वापर गोष्टीचा धक्का म्हणून करावा का? ज्याच्या घरी ते खरोखर घडलं आहे, त्यानं हे बघून काय करावं? इशारा पडद्यावर आधी येतो म्हणून तो प्रश्न संपत नाही. पण एक गोष्ट मला त्या रात्री गच्चीत उभं असताना कळली. स्वप्नातली मारी कधी रागवत नाही. ती हसते, खाऊ घालते, जखमा भरते. चिडणारी, हट्टी, सरावासाठी मागे लागणारी मारी पहिल्यांदा दिसते ती त्या फोटोंमध्ये. म्हणजे खरं कळतं, तेव्हाच ती माणूस होऊन परत येते. तोवर ती एक चादर आणि टोपली होती.

आमची ताई अशीच झाली आहे. फोटो, चंदनाचा हार, 'किती प्रेमळ होती'. ती प्रेमळ होतीच. पण ती भयंकर तापटही होती. बडोद्याच्या मंडईत तिनं भाजीवाल्याशी केलेली भांडणं मी ऐकली आहेत. माझ्या पहिल्या पुस्तकात तिनं सतरा शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या आणि यादी पोस्टानं पाठवली होती. त्या रात्री तिनं मला कशाला फोन केला असेल? मी इतकी वर्षं धरून चालले होते, की घाबरली असेल, रडली असती. पण कदाचित तिला माझ्यावर ओरडायचं असेल. मी भाऊजींना सांगितलं, तिला थेट सांगितलं नाही, म्हणून. तो राग मला मिळायला हवा होता. फोन न उचलून मी तो घालवला, आणि मग खोटं बोलून तिला कायमची गोड करून टाकली.

आठव्या रात्री शेवटची लढाई. सनीसमोर ओमोरी उभा राहतो. हा त्याचा स्वतःचाच कृष्णधवल तुकडा, इतकी वर्षं स्वप्नाचं जग सांभाळणारा. त्याला कितीही मारा, तो पडत नाही. दर वेळी पडद्यावर उमटतं, की ओमोरी 'सक्कम्ब' झाला नाही. तो पुन्हा उभा राहतो. आधी सगळ्या गेममध्ये हेच वाक्य आपल्या बाजूचं असतं. तो तगला की हायसं वाटतं. इथे तेच वाक्य छातीवर बसतं. मी सगळ्या चाली केल्या. हरले. सनी कोसळला. पडदा काळा झाला आणि प्रश्न आला, पुढे जायचं का?

"आता काय करू?"

"तूच ठरव," निनाद म्हणाला.

मी 'हो' दाबलं. सनी उठला, पण सुरी घेऊन नव्हे. त्यानं व्हायोलिन उचललं, आणि मारी पियानोवर बसली. झालाच नव्हता तो कार्यक्रम झाला. मग सनी इस्पितळात जागा होतो. मित्र एका खोलीत जमलेले असतात. तो तिथे जातो, आणि मला तुम्हाला काही सांगायचं आहे, अशा अर्थाचं एक वाक्य बोलतो. गेम संपतो.

"मित्र काय म्हणाले?"

"ते दाखवत नाहीत."

"असं कसं?"

"त्याचं काम सांगायचं होतं. ते त्यानं केलं." नावांची यादी पडद्यावर वर सरकत होती. रात्रीचे दोन वाजले होते.

मी म्हटलं, "निनाद, तुझ्या आईनं त्या रात्री मला फोन केला होता. माझा फोन बंद नव्हता. मी बघत होते. मी उचलला नाही."

शेवटचं वाक्य कर्त्यासकट बोलले. ते उच्चारायला फार जड गेलं.

तो बराच वेळ यादीकडे पाहत राहिला. मग विचारलं, "किती वेळ वाजला?"

"शेवटपर्यंत."

त्यानं लॅपटॉप मिटला. "झोप आता, मावशी."

दुसऱ्या दिवशी तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. सकाळी चहा घेताना मी भाऊजींनाही सांगितलं. ते पेपरची घडी घालत होते, ती पुन्हा उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाले, "त्या रात्री तिनं मला हाक मारली होती का, ते मला अजून कळत नाही. मी पंखा मोठा ठेवला होता." त्यांनी एवढंच सांगितलं. आम्ही दोघांनी चहा संपवला.

एखादा गेम खेळून कोणी बरं होतं, असं मला म्हणायचं नाही. निनाद अजूनही क्लासला रोज जात नाही. महिन्यातून दोनदा डॉक्टरकडे जातो, ते चालू आहे. मी सांगितल्यानं त्याचं ओझं कमी झालं की वाढलं, हेही मला माहीत नाही. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि ते त्यानं बरोबर केलं.

परतीच्या दिवशी मात्र तो स्टेशनवर आला. भाऊजींनी रिक्षात बॅग ठेवली तेव्हा हा चप्पल घालून बाहेर उभा होता. फलाटावर म्हणाला, "'सक्कम्ब'ला काय म्हणशील? ओमोरी डिड नॉट सक्कम्ब."

मी दोन दिवस तोच विचार करत होते. 'बळी पडणे' नको, तो वर्तमानपत्री. 'शरण जाणे'त समोर कोणी जिंकणारा लागतो. "खचणे," मी म्हटलं. "ओमोरी खचला नाही." विहीर खचते, भिंत खचते, माणूस खचतो.

त्यानं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "चालेल."

गाडी आली. बॅग आत टाकून तो खाली उतरला, खिडकीशी आला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "फोन चार्ज केलास ना?"

तो टोमणा होता, थट्टा होती, की साधी चौकशी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिन्हीला पुरेल असा एक शब्द मी शोधते आहे. मधूनमधून तो रात्री उशिरा फोन करतो. कधी नवीन गेमबद्दल सांगतो, कधी काहीच सांगत नाही. फोन आला की मी उचलते.